‘क्वेरी सक्सेसफुल’ लिहून भागत नाही भाऊ

प्रश्न थोडक्यात असा आहे, मधूनच वाचणाऱ्यांसाठी परत लिहितो. फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून तू पायथॉन आणि क्यूटी (खिडक्या-बटनं बनवायची लायब्ररी) मधे एक छोटं डेटाबेस टूल बनवून राहिला आहेस, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन्ही डेटाबेसना जोडणारं. सिलेक्ट, म्हणजे डेटा मागणारी क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा), चालवली की खालच्या ग्रिडमधे, म्हणजे निकालाच्या तक्त्यात, ओळी येतात, तिथपर्यंत सगळं बरोबर. पण ओळ टाकणारं इन्सर्ट, ओळ बदलणारं अपडेट किंवा क्रिएट टेबल चालवलं की ग्रिड रिकामी होते आणि तुझे मित्र म्हणतात की क्वेरी चाललीच नाही. तर तिथे पॉपअप द्यायचा, कोपऱ्यात दोन सेकंदांत आपोआप जाणारा मेसेज, म्हणजे टोस्ट, द्यायचा, की खालच्या पट्टीत हिरव्या अक्षरात ‘क्वेरी सक्सेसफुल’ लिहायचं, हे तुला ठरवता येत नाहीये.

मला विचारशील तर पॉपअप की टोस्ट हे नंतरचं. खरी अडचण ही आहे की तुझी रिकामी ग्रिड तीन-चार वेगवेगळ्या वेळी सारखीच दिसते. सिलेक्टला एकही ओळ सापडली नाही तरी रिकामी, अपडेटला ओळी परत द्यायच्याच नव्हत्या तरी रिकामी, क्वेरी अजून चालू आहे तरी रिकामी, आणि एरर आली पण तू ती कुठे दाखवलीच नाहीस तरी रिकामीच. त्यावर ‘क्वेरी सक्सेसफुल’ लिहून हा घोळ मिटत नाही, फक्त त्याला हिरवा रंग लागतो. कारण सक्सेसफुलचा अर्थ एवढाच, की सर्व्हरनं एरर दिली नाही. वापरणाऱ्याला ते नको असते, त्याला पाहिजे असते की माझ्या डेटाचं काय झालं, किती ओळींना हात लागला आणि तो बदल पक्का झाला का कच्चाच आहे.

आता यात बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर खाली कोणीतरी येऊन म्हणेल की आमच्याकडे असं नसते. डेव्हलपर रोज दोनशे क्वेऱ्या चालवतो, त्याला प्रत्येक वेळी खिडकी उघडून ओके दाबायला लावलं तर तो दुसऱ्या दिवशी तुझं टूल काढून टाकेल. हिशोबाचं काम करणारा माणूस दिवसातून चार तयार क्वेऱ्या चालवतो, त्याला ती चार उत्तरं ठसठशीत दिसली पाहिजेत. डेटाबेस कोणता, ड्रायव्हर (टूलला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) कोणता, ऑटोकमिट (प्रत्येक बदल आपोआप कमिट, म्हणजे पक्का, करणं) चालू की बंद, यावरही उत्तर बदलते. मी नागपुरातच आहे, डेटाबेसच्या कामात बरीच वर्षं झाली, आणि खाली जे लिहितो आहे त्यातलं निम्मं मी स्वतः माती खाऊन शिकलो आहे.

पहिली माती कळमन्याची. तिथल्या मार्केटात संत्र्याच्या एका अडत्याकडे मी एक घरगुती टूल करून दिलं होतं. मुनीमजींना लिहून दिलेल्या सहा-सात क्वेऱ्या, त्यात नुसता नंबर आणि रक्कम बदलायची आणि रन दाबायचं. इन्सर्ट झाली की खाली पट्टीत यायचं ‘१ ओळ टाकली’. पहिली पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाची चिठ्ठी, टाकली, मेसेज आला. दुसरी टाकली, मेसेज तोच, तेच शब्द, त्याच जागी, म्हणजे स्क्रीनवर काहीच हललं नाही. मुनीमजींना वाटलं बटन दबलं नाही, मार्केटात सकाळी गर्दी किती असते ते तुला माहीतच असेल, त्यांनी परत दाबलं, मग अजून एकदा दाबलं. एका शेतकऱ्याच्या नावानं तीन पट्ट्या. संध्याकाळी गल्ल्याचा हिशोब जुळेना तेव्हा मला फोन. माझं टूल खोटं बोललं नव्हतं बरं का, तिन्ही वेळा १ ओळ टाकली हे शंभर टक्के खरंच होतं. पण नवा मेसेज नवा आहे हेच दिसत नव्हतं.

तेव्हापासून मी स्क्रीनच्या खालच्या पट्टीतला एकच मेसेज बदलत राहण्याऐवजी मेसेजचा लॉग ठेवतो. ग्रिडच्या शेजारी एक टॅब, प्रत्येक रनची एक ओळ, तिला अनुक्रमांक आणि घड्याळातली वेळ, जुन्या ओळी खाली तशाच राहतात. ‘१४. ११:४२:०७, अपडेट, ३ ओळी, ०.०१८ सेकंद, अजून कमिट नाही’ असं काहीतरी. नंबर १४ वरून १५ झाला की माणसाला कळते की काहीतरी घडलं, मेसेज सेम असला तरी. आणि स्टेटमेंटला ओळी परत द्यायच्या नसतील तर रिकामी ग्रिड दाखवूच नको, सरळ मेसेजचा टॅब पुढे आण, पोस्टग्रेसचं पीजीॲडमिन हे टूल साधारण हेच करते. टोस्ट ठेवायचा असेल तर खुशाल ठेव, पण फक्त टोस्टवर राहू नको, कारण माणूस चहा घ्यायला उठला आणि तेवढ्यात टोस्ट येऊन गेला की त्याच्यासाठी ती क्वेरी झालीच नाही.

आता शून्याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी शून्यानंच होताना पाहिलं आहे. एका पतसंस्थेच्या डेटावर काम करत होतो, पोस्टग्रेस होतं, काही खातेदारांची नोंद नावावरून दुरुस्त करायची होती. त्यात एक वऱ्हाडे आडनाव. तिथल्या माणसानं अपडेट चालवली, टूलनं हिरवा टिक दाखवला, तो पुढच्या नावाकडे गेला. महिनाअखेर कळलं की त्या खात्यात काहीच बदललं नव्हतं. कारण असं की ‘ऱ’ दोन तऱ्हेनं टाइप होतो, एक म्हणजे सरळ एकच अक्षर, आणि दुसरं म्हणजे ‘र’ आणि त्याखाली नुक्ता. स्क्रीनवर दोन्ही सेम दिसतात, पण पोस्टग्रेसचं नेहमीचं कोलेशन (मजकुराची तुलना करायचा नियम) दोन नावं सारखी आहेत की नाही हे बाइट पाहूनच ठरवते, त्याच्यासाठी ही दोन वेगळी नावं. पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ नावाचं फंक्शन आहे, ते वापरलं की हे सुटते, पण तो वेगळा विषय. मुद्दा हा की सर्व्हरनं तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं, ‘अपडेट ०’. टूलनं तो ० गिळला आणि टिक दाखवला.

म्हणून माझा नियम, अपडेट किंवा डिलीटला ० आला तर तो हिरव्यात जात नाही. एररही नाही, त्यामुळे लालही नाही. पिवळा म्हण, किंवा वेगळं चिन्ह दे, आणि शब्दांत लिही, ‘० ओळी, अट कोणत्याच ओळीला जुळली नाही’. हे पोस्टग्रेससाठी, मायएसक्यूएलच्या अपडेटमधे ० चा अर्थ ओळ जुळली पण किंमत आधीच तीच होती असाही असू शकतो, ते खाली येते. फक्त रंगावर सोडू नको, लाल-हिरवं सारखंच दिसणारी माणसं असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात खिडकीतून ऊन आलं की स्क्रीनवर कोणता रंग आहे ते धडधाकट माणसालाही सांगता येत नाही.

कोडमधे हे कसं ओळखायचं ते सांगतो. पायथॉनच्या डेटाबेस एपीआयमधे कर्सरला (क्वेरी चालवून निकाल आणणारं ऑब्जेक्ट) डिस्क्रिप्शन नावाची गोष्ट असते. स्टेटमेंटनं ओळी परत दिल्या असतील, शून्य का असेना, तर तिच्यात कॉलमची माहिती असते. ओळी देणारं स्टेटमेंटच नसेल तर ती नन, म्हणजे रिकामी, असते. तुझी अर्धी अडचण इथेच संपते: डिस्क्रिप्शन आहे तर ग्रिड दाखव, कॉलमच्या नावांसकट, आणि ओळी नसतील तर आत लिही ‘एकही ओळ सापडली नाही’. डिस्क्रिप्शन नाही तर मेसेज दाखव. क्वेरीचा पहिला शब्द सिलेक्ट आहे का अपडेट हे स्वतः पाहून ठरवू नको. माझ्या जुन्या कोडमधे तसंच होतं आणि मग कोणीतरी ‘विथ’नं सुरू होणारी क्वेरी चालवायचा, कोणी वर कॉमेंट लिहायचा, कोणी अपडेटला शेवटी रिटर्निंग लावून ओळी परत मागायचा, आणि दर वेळी एक नवीन इफ.

दुसरी गोष्ट रोकाउंट, म्हणजे किती ओळींवर काम झालं तो कर्सरमधला आकडा. यात उणे १ येऊ शकतो आणि त्याचा अर्थ ‘माहीत नाही’ असा आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर कोणी ‘सेट नोकाउंट ऑन’ (ओळींचा आकडा सांगू नको अशी सेटिंग) करून ठेवलं असेल तर हा उणे १ हमखास येतो. कोडमधे कोणीतरी हुशारी करून शून्यापेक्षा लहान असेल तर शून्य धरा असं लिहितो, आणि मग ‘माहीत नाही’चं ‘काहीच झालं नाही’ होऊन जाते. आकडा मिळाला नाही तर तसंच लिही, ‘पूर्ण झालं, सर्व्हरनं ओळींचा आकडा दिला नाही’. लोकांना राग येत नाही याचा. एसक्यूलाइट कधी जोडशील तर तिथे वेगळीच गंमत, बदललेल्या ओळींचा आकडा देणारं तिचं मूळ फंक्शन मागच्या इन्सर्ट-अपडेट-डिलीटचा आकडा धरून बसते, मधे सिलेक्ट चालवली तरी जुनाच आकडा हातात येतो.

आणि आकडा आला तरी तो कशाचा आहे हे डेटाबेसप्रमाणे बदलते, तू दोन डेटाबेस जोडतो आहेस म्हणून हे तुला चावणारच. समज तीन ओळींचा भाव ४० करायचा आहे आणि त्यातल्या दोघींचा आधीपासूनच ४० आहे. पोस्टग्रेस म्हणेल ३, कारण अटीला जुळलेल्या सगळ्या ओळी तो मोजतो, किंमत तीच राहिली तरी. मायएसक्यूएल मुळात म्हणेल १, कारण तो खरोखर बदललेल्या मोजतो. त्याचा स्वतःचा कमांड लाइनवाला क्लायंट दोन्ही सांगतो, जुळल्या ३, बदलल्या १, वॉर्निंग ०, आणि मला ती पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते. पण जोडणी करताना एक फ्लॅग दिला की मायएसक्यूएलसुद्धा जुळलेल्यांचा आकडा देतो, जावाचा कनेक्टर तर न सांगता तसंच करतो. इन्सर्टला ‘ऑन डुप्लिकेट की अपडेट’ (ओळ आधीच असेल तर तीच बदल) जोडलं तर अजून मजा, नवीन ओळ टाकली की १, जुनी बदलली की २. म्हणजे एकाच ओळीवर काम करून ‘२ ओळी’ असा मेसेज येतो आणि वापरणारा घाबरतो की दुसरी कोणती ओळ गेली. म्हणून तुझ्या टूलमधे मायएसक्यूएलसाठी आणि पोस्टग्रेससाठी शब्द वेगळे ठेव. दोन्हीकडे ‘बदलल्या’ हाच शब्द वापरशील तर एकीकडे तो चुकीचा ठरेल, पोस्टग्रेसकडे मी ‘जुळल्या’ लिहितो.

जे मोजलं जात नाही त्याचंही बघ. कॅस्केड लावलेल्या फॉरेन कीवर (मूळ ओळ उडाली की तिला जोडलेल्या ओळीही उडतात अशी जोडणी) एक अडत्या डिलीट केला आणि त्याच्या चारशे पट्ट्या सोबत गेल्या, तरी सर्व्हर म्हणतो १ ओळ. हा आकडा फक्त ज्या टेबलचं नाव लिहिलं त्याचा असतो. पोस्टग्रेसमधे विथच्या आत डिलीट टाकून बाहेर सिलेक्ट काउंट केलं तर टॅग येतो ‘सिलेक्ट १’, आत कितीही उडालं असो. यावर माझ्याकडे पक्का इलाज नाही. कॅस्केडवाल्या टेबलवर डिलीट असेल तर मी मेसेजमधे एक वाक्य जोडतो की यात जोडलेल्या टेबलमधल्या ओळी धरलेल्या नाहीत. तेवढं पुरते.

वर टॅग शब्द आला, तर तो सांगतो. पोस्टग्रेस प्रत्येक स्टेटमेंटनंतर स्वतःचा एक छोटा टॅग पाठवतो, ‘इन्सर्ट ० १’, ‘डिलीट ५’, ‘क्रिएट टेबल’ असा. इन्सर्टमधला तो पहिला ० पाहून पोरं गोंधळतात, ती पूर्वीच्या ओआयडीची (ओळीचा अंतर्गत नंबर) जागा आहे, आवृत्ती १२ पासून तिथे कायम ० च असतो, त्यामुळे तो दाखवू नको, दुसरा आकडा दाखव. सायकॉपीजी या पायथॉनच्या पोस्टग्रेस ड्रायव्हरमधे हा टॅग कर्सरच्या स्टेटसमेसेजमधे मिळतो. आणि तो वाचायलाच पाहिजे याचं सगळ्यात मोठं कारण हे: पोस्टग्रेसमधे ट्रान्झॅक्शनच्या (एकत्रच पक्का होणारा किंवा एकत्रच मागे घेतला जाणारा बदलांचा गट) मधे एखादं स्टेटमेंट एरर देऊन पडलं आणि नंतर वापरणाऱ्यानं कमिट चालवलं, तर सर्व्हर एरर देत नाही, तो शांतपणे सगळं मागे घेतो आणि टॅगमधे लिहितो ‘रोलबॅक’. तुझं टूल एक्सेप्शन आलं नाही म्हणून ‘कमिट सक्सेसफुल’ लिहिणार आणि माणूस लॅपटॉप बंद करून घरी जाणार. मी हे स्वतः केलेलं आहे, दुपारभराचं काम गेलं होतं.

तसंच नोटीस आणि वॉर्निंगचं. ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स लिहिलं आणि टेबल नसलंच तर पोस्टग्रेस एरर देत नाही, नोटीस देतो की असं टेबल नाही, सोडून दिलं. नावात एक मात्रा चुकली तरी हेच होणार, म्हणून ती नोटीस दिसली पाहिजे, नाहीतर माणूस समजतो टेबल उडालं. मायएसक्यूएलमधे इन्सर्ट इग्नोर वापरलं की बऱ्याच एरर वॉर्निंग होऊन जातात, आणि स्ट्रिक्ट मोड बंद असलेल्या जुन्या सर्व्हरवर लांब नाव कापून टाकून फक्त एक वॉर्निंग मिळते. शो वॉर्निंग्ज चालवून ती लगेच आणावी लागते, मधे दुसरं स्टेटमेंट गेलं की गेली. मेसेजच्या ओळीत ‘२ वॉर्निंग’ असं लिही आणि त्यावर क्लिक केलं की पूर्ण मजकूर उघडू दे. सर्व्हरचा मूळ मजकूर मराठी करायच्या नादात बदलू नको, तुझं मराठी वाक्य वर आणि सर्व्हरचं जसंच्या तसं खाली, कारण माणूस ते खालचंच कॉपी करून शोधणार आहे.

सिलेक्टचं तुझं ‘सगळं बरोबर’ आहे असं तू म्हणतोस, पण तिथेही एक बघ. मोठ्या टेबलवर सगळ्या ओळी आणत असशील तर पोस्टग्रेसचा साधा कर्सर पूर्ण निकाल आधी मेमरीत भरतो, लॅपटॉप बसेल. म्हणून सगळी टूल्स मर्यादा लावतात, डीबीव्हर सुरुवातीला २०० आणते, मायएसक्यूएल वर्कबेंच १००० वर थांबते, पीएचपीमायॲडमिन २५-२५ चं पान करते. मर्यादा लावणं बरोबरच आहे, पण ती लावली हे सांगितलं पाहिजे. नुसतं ‘२०० ओळी’ लिहिलं की कोणीतरी साहेबांना जाऊन सांगतो की आपले २०० ग्राहक आहेत. माझी युक्ती साधी आहे, २०१ मागायच्या आणि २०० दाखवायच्या. २०१ वी आली तर लिहायचं ‘पहिल्या २०० दाखवल्या, पुढे अजून आहेत’, नाही आली तर आकडा पूर्ण आहे. एकूण किती आहेत हे न मागता मोजायला जाऊ नको, मोठ्या टेबलवर काउंट करायला पोस्टग्रेसला चांगलाच वेळ लागतो. पीएचपीमायॲडमिन अंदाजे आकड्यापुढे ते नागमोडी चिन्ह लावते, तेवढा प्रामाणिकपणा ठेव. आकडे आपल्या पद्धतीनं १,२५,००० असे लिही, आणि वेळ दोन भागांत दे, सर्व्हरला लागलेला आणि ओळी आणायला लागलेला. नाहीतर लोक क्वेरी वेगवान करायला इंडेक्स लावून लावून थकतील आणि निघेल की नेटच हळू होतं.

रिकाम्या निकालाबद्दल एक जुनी गंमत, ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमधे फीडबॅक नावाची सेटिंगच आहे आणि ती मुळात ६ वर असते, म्हणजे सहापेक्षा कमी ओळी आल्या तर किती आल्या ते तो लिहीतच नाही. एकही नाही आली तर मात्र लिहितो. शून्य सांगण्यासारखी गोष्ट आहे हे त्यांनाही पटलेलं होतं.

आता एरर. पोस्टग्रेस चूक कितव्या अक्षरावर आहे तो आकडा पाठवतो, तो वापर, एडिटरमधे ती जागा अधोरेखित कर. दोन खड्डे आहेत. वापरणाऱ्यानं क्वेरीचा फक्त मधला भाग सिलेक्ट करून चालवला असेल तर तो आकडा त्या भागापासून मोजलेला असतो, आधीच्या मजकुराची लांबी त्यात मिळवावी लागते. आणि मराठी मजकूर असेल तर डोळ्यानं मोजू नको, ‘संत्रा’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात पण मोजणीत सहा येतात: स, अनुस्वार, त, हलन्त, र, काना. पायथॉनची स्ट्रिंग तशीच मोजते त्यामुळे तिथे जुळते, पण मोनोस्पेस फाँट धरून खाली बाण काढायला गेलास तर बाण भलतीकडे जाणार. म्हणून बाण नको, अधोरेखाच बरी.

एकाच वेळी दहा-बारा स्टेटमेंट चालवली आणि सातवं पडलं, तर ‘एरर’ एवढं लिहून माणूस जागच्या जागी अडकतो, कारण आधीची सहा राहिली का गेली हे त्याला ठरवता येत नाही. हे तू ती कशी पाठवलीस यावर आहे. पोस्टग्रेसला पूर्ण मजकूर एकाच झटक्यात पाठवला आणि त्यात कुठे बिगिन-कमिट नसलं तर सगळं मिळून एक ट्रान्झॅक्शन धरलं जाते, सातवं पडलं की सहाही परत. एकेक करून ऑटोकमिटवर पाठवलं तर सहा राहिली. मायएसक्यूएलमधे तर मधे क्रिएट किंवा आल्टर टेबल आलं की तिथपर्यंतचं आपोआप कमिट होते, मग रोलबॅक दाबून उपयोग नाही. म्हणून मी एकेक स्टेटमेंट वेगळं पाठवतो, प्रत्येकाची लॉगमधे वेगळी ओळ, पडलं तिथे थांबतो आणि खाली लिहितो ‘१२ पैकी ६ झाली, ७ वं पडलं, ५ चालवलीच नाहीत’. शिवाय सायकॉपीजी २ मधे एकत्र पाठवलं तर फक्त शेवटच्याच स्टेटमेंटचा निकाल हातात येतो, बाकीचे हरवतात, त्यामुळे वेगळं पाठवणं तसंही बरं. फक्त तुकडे करताना सेमीकोलनवर आंधळेपणानं कापू नको, कोट्सच्या आत आणि फंक्शनच्या आतही सेमीकोलन असतो.

क्वेरी चालू आहे हे दाखवणं पण फीडबॅकच आहे. वापरसुलभतेचा अभ्यासक याकोब नील्सननं १९९३ मधे मांडलेले आकडे मी अजूनही धरतो: ०.१ सेकंदापर्यंत माणसाला लगेच झालं असं वाटते, १ सेकंदापर्यंत विचार तुटत नाही, १० च्या पुढे त्याचं लक्ष उडते. त्याप्रमाणे पहिलं सेकंद काही फिरवत बसू नको, नुसतं लुकलुकल्यासारखं होते. त्यानंतर चालू सेकंदांचा आकडा आणि रद्द करायचं बटन दे. अर्थात क्वेरी वेगळ्या थ्रेडवर पाहिजे, नाहीतर बटन दाबलंच जाणार नाही. दहाच्या पुढे गेलं तर मी दुसऱ्या कनेक्शनवरून एकदा पाहतो की ती खरंच काम करते आहे का लॉकसाठी, म्हणजे दुसऱ्या कोणी अडवून ठेवलेल्या ओळी मोकळ्या व्हायला, थांबली आहे, पोस्टग्रेसमधे पीजी ब्लॉकिंग पिड्स हे फंक्शन आवृत्ती ९.६ पासून आहे, ते कोणी अडवलं ते सांगते. पोस्टग्रेस लॉकसाठी मुळात कितीही वेळ थांबतो, मायएसक्यूएलचं इनोडीबी (डेटा साठवणारं इंजिन) मुळात ५० सेकंदांनी सोडून देते, आणि सोडून देताना फक्त ते एक स्टेटमेंट मागे घेते, आधीचं ट्रान्झॅक्शन तसंच उघडं राहते. हे मेसेजमधे लिही.

रद्द केलेली क्वेरी एररमधे टाकू नको, माणसानं स्वतः थांबवली आहे, ‘तुम्ही रद्द केली’ असं लिही. आणि कमिट करत असतानाच कनेक्शन तुटलं तर ‘झालं’ही लिहू नको आणि ‘नाही झालं’ही लिहू नको, कारण तुला खरंच माहीत नाही. ‘कमिट पोचलं की नाही कळलं नाही, परत जोडून तपासा’ लिही. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट गेली की हे महिन्यातून एकदा तरी होते.

राहिला पॉपअप. तो मी झाल्यानंतर नाही, आधी देतो, आणि तोही दोन-तीनच ठिकाणी: अट नसलेला अपडेट किंवा डिलीट, ड्रॉप (टेबलच उडवणं), ट्रंकेट (टेबल पूर्ण रिकामं करणं). मायएसक्यूएल वर्कबेंच सेफ अपडेट मोडमधे अटीत ‘की’ कॉलम (ओळ ओळखायचा कॉलम) नसलेला अपडेट अडवते, ११७५ नंबरची एरर येते, लोक शिव्या देतात पण अनेकांची नोकरी वाचली आहे त्यानं. झाल्यावर पॉपअप दिला की माणूस न वाचता एंटर मारायला शिकतो, मग आधीचा पॉपअपसुद्धा तसाच एंटर मारून जातो.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस आणि माझी सगळ्यात मोठी शंका तिथेच आहे. पायथॉनच्या ड्रायव्हरमधे ऑटोकमिट मुळात बंद असते, जावाच्या जेडीबीसीत उलट, मुळात चालू. तुझ्या कोडमधे इन्सर्टनंतर कमिट कुठे होते ते शोध. नसेल तर तुझे मित्र ‘चाललंच नाही’ म्हणतात ते कदाचित मेसेज नाही म्हणून नाही, खरंच टेबलमधे काही राहिलं नाही म्हणून म्हणत असतील. टूल बंद केलं की सगळं गेलं. तपासायला सोपं आहे, टूलमधून एक ओळ टाक, टूल चालूच ठेव आणि दुसऱ्या खिडकीत पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचा कमांड लाइनवाला क्लायंट) उघडून तीच ओळ शोध. दिसली नाही तर आधी ते ठरव, आपोआप कमिट करायचं की माणसाच्या हातात द्यायचं. हातात देत असशील तर ट्रान्झॅक्शन उघडं आहे हे खालच्या पट्टीत कायम दिसत राहू दे. पीएसक्यूएल त्यासाठी प्रॉम्प्टमधे एक तारा दाखवते आणि ट्रान्झॅक्शन पडलेलं असेल तर उद्गारचिन्ह, सायकॉपीजीत कनेक्शनच्या इन्फोमधे ट्रान्झॅक्शन स्टेटस मिळते, त्यावरून तेच करता येईल. आणि खिडकी बंद करताना उघडं ट्रान्झॅक्शन असेल तर विचार, कमिट की रोलबॅक. हा एक पॉपअप मात्र झाल्यानंतरचा असला तरी ठेव.

ड्रायव्हरची आवृत्ती आणि रन बटनाचा तेवढा कोड टाक इथे, रविवारी निवांत बघतो.